ओटा बदलला, हात बदलेना

ठाणेकरीण | सोमवार, ११:२०

परवा सकाळी ह्यांनी चहाचा पहिला घोट घेतला, कप खाली ठेवला आणि एक अक्षर न बोलता बेसिनकडे गेले. मी ओळखलं. आठवड्यातली तिसरी वेळ होती.

झालंय असं, की दिवाळीनंतर आम्ही स्वयंपाकघराचं काम काढलं. बावीस वर्षं शेगडी खिडकीपाशी होती. पाइपचा गॅस आला, तेव्हा ती पार दुसऱ्या टोकाला गेली. ओघाने सिंक इकडे, फोडणीचं सामान तिकडे. साखरेचा डबा आणि मिठाचा डबा एकाच घराण्यातले, स्टीलचे, गोल, कडीच्या झाकणाचे. आधी साखर पुढे असायची, मीठ मागे. नव्या ट्रॉलीत मीठ पुढे आलं. मीच ठेवलंय, त्यामुळे मला ठाऊक आहे. पण हे ठाऊक असलेली मी आणि सकाळी सहाला चहा टाकणारी मी, या दोन वेगळ्या बायका आहेत.

लेक म्हणाली, लेबल लाव. लावलं. 'मीठ', ठसठशीत, लाल स्केचपेनने. दुसऱ्या दिवशी पुन्हा खारट चहा. हाताला कुठे वाचता येतं?

मग मी एक चाळा सुरू केला. कालनिर्णयवर जिथे दुधाचे खाडे लिहिते, तिथेच हात चुकला की एक बारीक फुली मारायची. नुसतं मीठ-साखरच नाही. सिंक समजून शेगडीवर भांडं धुवायला नेणं, जुन्या खिळ्याच्या जागी हवेत उलथनं अडकवणं, सगळं धरून. पहिल्या आठवड्यात १९ फुल्या. दुसऱ्यात १४. तिसऱ्यात १५ (नणंद राहायला होती, गप्पांत हात जास्त चुकतो). चौथ्यात ६. या आठवड्यात ३, त्यातली एक परवाची.

पण चर्चेचा हा धागा काढायचं कारण वेगळंच आहे. सामान हलवताना साखरेतला जुना चमचा हरवला. तो चांगला पोटाचा होता. तात्पुरता म्हणून मसाल्याच्या डब्यातला एक छोटा चमचा साखरेत टाकला आणि तोच राहिला. मोजणं तेच, ह्यांना दोन, मला दीड. पंधरा दिवसांनी मी सहज दोन्ही मापांनी साखर बशीत ओतून पाहिली, तर जवळजवळ निम्मी! 'साखर कमी करा' हे दहा वर्षं डॉक्टर सांगतायत, मी सांगतेय, लेक सांगतेय. दर खेपेला तीन दिवस फिका चहा, चौथ्या दिवशी चिडचिड, पाचव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. आणि आता पंधरा दिवस कोणाला पत्ता नाही.

तर विचारायचंय हे, की असं तुमचं काही झालंय का? पहाटे पाचला उठून बारा सूर्यनमस्कार घालणाऱ्यांना साष्टांग नमस्कार, पण ते नको. बारीक बदल. ज्यात हात, पाय नाहीतर जीभ चुकली आणि मग कधीतरी चुकेनाशी झाली.

खवट_खोबरं | सोमवार, ११:४१

दोन्ही डबे सारखे कशाला ठेवायचे म्हणतो मी? मीठ चिनीमातीच्या बरणीत घाला. प्रश्न मिटला, धागा मिटला.

ठाणेकरीण | सोमवार, ११:४८

डबे माहेरचे आहेत.

खवट_खोबरं | सोमवार, ११:५०

मग माझा प्रतिसाद मागे.

नऊ_वीस_स्लो | सोमवार, १३:०५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. उलथनं हवेत अडकवलं हे वाचून हहपुवा (हसून हसून पुरेवाट), शेजारचे मान वळवून बघतायत.

माझी केस तुमच्या बरोबर उलटी आहे. डोंबिवली-दादर, सत्तावीस वर्षं. दादरला ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या फलाटांचे नंबर बदलले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले, आपले ८ ते १४ झाले. आधी दोन्हीकडे एक, दोन, तीन असायचे, त्यामुळे गावाहून आलेल्या पाहुण्याला 'चार नंबरला थांब' सांगितलं की तो हमखास भलत्या चार नंबरला थांबणार. मी स्वतः एकदा मेहुण्याला पाऊण तास शोधलाय. म्हणजे बदल शहाणपणाचाच. तरी आमचा सगळा ग्रुप अजून 'एक नंबरला भेट' म्हणतो. एक नंबर म्हणजे आता आठ. नवीन पोरगं लागलंय ऑफिसात, ते बिचारं पहिल्या दिवशी खरोखर एक नंबरला, म्हणजे वेस्टर्नला जाऊन उभं राहिलं.

गंमत अशी, की माझे पाय एकदाही चुकले नाहीत. पाय पाटी वाचतच नव्हते कधी. जिना उतरायचा, वडापावच्या वासावर वळायचं, खांब मोजायचे. तुमचं डोकं बरोबर आणि हात चुकतो. माझे पाय बरोबर आणि तोंड चुकतं.

(वडील तर अजून व्हीटी म्हणतात. १९९६ ला सीएसटी झालं, २०१७ ला सीएसएमटी. दोन नावं येऊन गेली, त्यांची गाडी व्हीटीलाच लागते.)

फळा_आणि_खडू | सोमवार, १५:३०

जिभेच्या खात्यात माझी एक नोंद घ्या. दुसरीला शिकवते.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन', 'साठ तीन' आलं तेव्हाचा गदारोळ आठवत असेल. विनोदांचा पाऊस पडला, विधानसभेत चर्चा झाली, मराठीचा खून वगैरे. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या, त्यांच्यावरही लोक वाटेल ते बोलले. पुस्तकात 'त्रेसष्ट' होतंच, शेजारी 'साठ तीन' होतं, इतकंच. मीही तेव्हा नाक मुरडलं होतं.

मग वर्गात एक मुलगा होता, हुशार, पण 'त्रेसष्ट लिही' म्हटलं की ३६ लिहायचा. दर वेळी. त्याचं चुकत नव्हतं हो! त्रेसष्टमध्ये तीन आधी ऐकू येतो, साठ नंतर. त्याने ऐकलं त्या क्रमाने लिहिलं. एकदा वैतागून म्हटलं, 'साठ तीन लिही.' त्याने ६३ लिहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की एवढं सोपं होतं तर आधी का नाही सांगितलं. त्या दिवसापासून वर्गात दोन्ही म्हणते. आधी 'साठ तीन', मग 'म्हणजे त्रेसष्ट'. तोंडात बसायला सहामाही उजाडली. वाण्याकडे मात्र अजून त्रेसष्टच.

जुनं_खोड | सोमवार, १८:१२

वरील सर्व प्रतिसादांशी आदरपूर्वक असहमत.

बदल, बदल, बदल. कशासाठी? मी बहात्तर वर्षांचा आहे. सकाळी पेपर, मग अर्धा कप चहा, मग चालणं, परत आल्यावर उरलेला अर्धा कप. यात काय वाईट आहे? माझ्या बँकेचं अॅप (नाव घेत नाही, सगळ्यांचं तेच) दर दोन-तीन महिन्यांनी बटणं हलवतं. मोठ्या कष्टाने पाठ केलेलं असतं की डावीकडे खाली 'पैसे पाठवा'. एक दिवस उघडावं तर तिथे कर्जाची जाहिरात. हा बदल माझ्यासाठी नाही, कुणाच्या तरी पगारवाढीसाठी आहे. ठाणेकरीणबाईंनी स्वतःचं स्वयंपाकघर स्वतः हलवलं. माझं स्वयंपाकघर दुसराच कुणी येऊन रात्रीतून हलवून जातो.

सवय ही माणसाने घाम गाळून मिळवलेली इस्टेट आहे. १ एप्रिल १९५७ ला सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे आले. चार आण्यांचे पंचवीस झाले, सरळ. पण एका आण्याचे सव्वासहा. हा पाव पैसा कोणी खायचा यावर आमच्या आळीत वाण्याशी कशी भांडणं व्हायची, ते आजी सांगायची. ती शेवटपर्यंत 'बारा आण्याची कोथिंबीर' म्हणत असे आणि भाजीवाल्याला कळत असे. पंचवीस पैशांचं नाणंही २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलं. चार आण्यांची अक्कल मात्र अजून बाजारात भरपूर आहे.

नऊ_वीस_स्लो | सोमवार, १८:४०

काका, शेवटच्या वाक्याला दंडवत. पण तुम्हीही आता कोथिंबीर क्यूआर कोडवरच घेत असाल की!

जुनं_खोड | सोमवार, १८:५५

घेतो. पण खिशात सुटे ठेवून.

आकडेमोड | सोमवार, २१:१७

ठाणेकरीण, तुमच्या फुल्या हा खरा खजिना आहे, कृपया पुढेही मारा.

तुम्ही घरी जे केलंत त्याच्या जवळ जाणारा एक अभ्यास आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक बारीक सवय निवडायला सांगितली, जेवणाबरोबर फळ खाणं, रात्रीच्या जेवणाआधी थोडं धावणं, अशी. ८४ दिवस रोज नोंद. गोष्ट न ठरवता आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. पण सरासरीवर जाऊ नका, खरी मजा टोकांत आहे. कुणाला १८ दिवस, तर कुणाला हिशेबाने २५४. म्हणजे '२१ दिवसांत सवय' हे व्हॉट्सअॅपवरचं वाक्य कुणाला लागू पडेल, कुणाला नाही. तो एकवीसचा आकडा मुळात मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनचा. नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना 'किमान' एकवीस दिवस लागतात, असं त्याने १९६० साली लिहिलं होतं. 'किमान' गळून पडलं, एकवीस राहिला.

आणखी एक. मधला एखादा दिवस चुकला तर त्या अभ्यासात फारसं बिघडलं नव्हतं. तुमची नणंद आली तो आठवडा माफ.

ठाणेकरीण | सोमवार, २१:३०

नणंदेला सांगते, लंडनहून माफी आलीय म्हणून.

टेम्सकाठचा_बंड्या | मंगळवार, ०२:५०

लंडनचा विषय निघालाच आहे तर. इथे फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला. मी तेव्हा नवीन होतो, रोज दोन गाड्या बदलून ऑफिसला जायचो, कारण नकाशात तसंच दिसतं. तो नकाशा दिसायला देखणा, पण अंतरं खरी नाहीत. जवळची स्टेशनं लांब आणि लांबची जवळ दिसतात. संपात झक मारत चालत गेलो, तर कळलं की शेवटचा टप्पा चालत अकरा मिनिटांचा आहे. भुयारात उतरून, गाडी बदलून, पुन्हा वर येण्यात मी रोज वीस मिनिटं घालवत होतो!

पुढे काही अर्थशास्त्रज्ञांनी प्रवाशांच्या कार्डांची माहिती तपासली. संपामुळे वाट बदलावी लागलेल्यांपैकी साधारण पाच टक्के लोक संप मिटल्यावरही नव्या वाटेनेच जात राहिले. पाच टक्के म्हणजे थोडे वाटतील, पण ही माणसं वर्षानुवर्षं रोज तोच प्रवास करत होती आणि त्यांना बरी वाट सापडली नव्हती. कुणीतरी दार बंद करावं लागलं.

जुनं खोड काका, तुमचं बँकेचं अॅप म्हणजे संप समजा.

जुनं_खोड | मंगळवार, ०७:०५

संप दोन दिवसांत मिटतो.

संत्रानगरी | मंगळवार, १०:२२

राजेहो, मी काही आकडेवाला माणूस नाही, आपली सांगतो.

मला खर्ऱ्याची सवय होती. बाहेरच्यांसाठी: सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, ते. दिवसाला सहा-सात पुड्या. सोडून पाहिला, दहादा. लोक सांगतात 'मन घट्ट कर'. मन घट्टच होतं हो, मी ऑफिसला जायचोच मुळी त्या पानठेल्यासमोरून! गाडी आपोआप स्लो व्हायची. मी ब्रेक मारतच नव्हतो, गाडीच मारायची. ठेलेवाला मला पाहून घोटायला घ्यायचा, मी उतरेपर्यंत पुडी तयार. सांगायचं कामच नव्हतं.

मग एका पावसाळ्यात आमच्या रोडचं सिमेंटीकरण सुरू झालं. पाच महिने मागच्या गल्लीने फिरून जावं लागलं. त्या गल्लीत पानठेला नाही, एक शाळा आहे आणि एक पिठाची चक्की. पहिला आठवडा डोकं भणभणलं, दुसऱ्या ठेल्यावर गेलोही दोनदा, पण तिथला माणूस विचारायचा, 'कोणता? किती?' आता सांगावं लागतं म्हटल्यावर लाज वाटायची. सातवरून दोनवर आलो. मग दातांच्या डॉक्टरकडे गेलो, त्यांनी धाकात घेतलं, बाकीचं त्यांनी केलं. रस्त्याने पाच काढले, डॉक्टरने दोन.

रोड झाला, गुळगुळीत झाला. मी अजून चक्कीच्याच गल्लीने जातो. बायको म्हणते, पेट्रोल जास्त लागून राहिलं. लागू दे.

फळा_आणि_खडू | मंगळवार, १०:४०

'आता सांगावं लागतं म्हटल्यावर लाज वाटायची.' वाचनखूण साठवली, या एका वाक्यासाठी.

ठाणेकरीण | मंगळवार, ११:०२

संत्रानगरी, उभे राहून टाळ्या. आणि तुमचा ठेलेवाला म्हणजे माझा मोठ्या पोटाचा चमचा. न विचारता द्यायचा.

सायलीची_वेल | मंगळवार, २३:४८

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. धाग्याचा सूर हलका आहे, तो बिघडला तर माफ करा.

माझी आई सत्याहत्तर वर्षांची. दोन वर्षांपूर्वी विस्मरणाच्या आजाराचं निदान झालं. माझं नाव कधी आठवतं, कधी मला ती आपल्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारते. पण चहा उत्तम करायची. गॅसजवळ मी उभी असायचेच, पण भांडं, पाणी, आलं किसणं, गाळणं, सगळं न विचारता. आलं किसून झाल्यावर किसणी ओट्याच्या काठावर दोनदा आपटायची. टक टक. लहानपणापासून ऐकलेला आवाज.

गेल्या मे महिन्यात मी चांगल्या हेतूनेच तिचं स्वयंपाकघर 'सोपं' केलं. वरचे डबे खाली आणले, वाकावं लागू नये म्हणून भांडी वर घेतली, चित्रांची लेबलं लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यासमोर नुसती उभी होती. हात वर गेला, तिथे डबा नव्हता. पुन्हा वर गेला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'हे घर कुणाचं आहे?'

त्याच दुपारी सगळं जुन्या जागी ठेवलं. डॉक्टरांनी नंतर समजावलं, की नावं, तारखा, काल काय जेवलो हे आधी जातं. हाताने वर्षानुवर्षं केलेलं बरंच उशिरापर्यंत राहतं, पण त्याला आजूबाजूला सगळं तसंच लागतं. आपला हात लेबल वाचत नसला तरी फुल्या मारून मारून शेवटी शिकतो. तिच्या फुल्या साठतच नाहीत.

चहा पुन्हा सुरू व्हायला नऊ दिवस लागले. टक टक मात्र अजून ऐकू आलेली नाही. मी रोज वाट बघते.

जुनं_खोड | बुधवार, ०६:३०

बाई, मी परवा इस्टेट वगैरे फार ऐटीत लिहून गेलो. तुम्ही लिहिलंत ते मला म्हणायचं होतं, मला ते इतकं नीट ठाऊक नव्हतं. आईंना नमस्कार सांगा.

आकडेमोड | बुधवार, ०९:१५

परवा फुल्या मोजायला सांगताना हा विचार डोक्यात आला नव्हता. आभार, सायलीची वेल.

खवट_खोबरं | बुधवार, ०९:५०

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे. विनोद लिहिला होता, सायलीताईंचा प्रतिसाद नंतर वाचला.)

मंडईतली_पिशवी | बुधवार, १४:०८

उशिरा आले. माझं फार लहान आहे. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हापासून घरी पंधरा कापडी पिशव्या आणि मंडईत मी रिकाम्या हाताने. दर वेळी. शेवटी पिशवी दाराच्या कडीला लटकवली, म्हणजे कुलूप लावायचं तर ती काढावीच लागते. आता मंडईत नसले, बँकेत निघाले तरी हातात पिशवी असते. परवा एका मुंजीला घेऊन गेले.

ठाणेकरीण | सात आठवड्यांनंतर, शनिवार, २२:१०

धागा वर काढतेय, आकडेमोड यांना हिशेब देणं लागते म्हणून.

फुल्या पुढे अशा: सहावा आठवडा २, सातवा ०, आठवा ४ (मला ताप होता), मग एकेक करत गेल्या, आणि अकराव्या आठवड्यापासून कालनिर्णयवर नुसते दुधाचे खाडे आहेत. काल रात्री पिठलं ढवळत असताना लाइट गेली. एका हाताने ढवळतेय, पिठलं धरायला लागलेलं, मोबाइल बाहेरच्या खोलीत. अंधारात हात गेला, डबा उघडला, चिमूट घातली. घातल्यावर मनात चर्र झालं, की कुठला उघडला मी? लाइट आल्यावर भीतभीतच चव घेतली. बरोबर होतं. डोळे मिटून सुद्धा मीठ म्हणजे मीठ.

दुसरं, हे चार दिवस नाशिकला नणंदेकडे जाऊन आले. आल्या आल्या म्हणाले, 'तिच्याकडचा चहा म्हणजे निव्वळ पाक. घशाखाली उतरेना. तिला सांगायला हवं, साखर कमी कर म्हणून.' वर मलाच साखरेवर दहा मिनिटं व्याख्यान. मी पोळ्या लाटत होते, मान खाली घालून लाटत राहिले. परवा ट्रॉलीच्या मागे तो जुना चमचाही सापडला. घासून, पुसून, पिठाच्या डब्याच्या तळाशी ठेवलाय.

सायली, टक टक?

सायलीची_वेल | शनिवार, २२:५५

गेल्या गुरुवारी. एकदाच. मी मागेच उभी होते, हलले नाही.

खवट_खोबरं | रविवार, ०८:०२

अहो ठाणेकरीण, पण ह्यांनी हा धागा वाचला तर?

ठाणेकरीण | रविवार, ०८:२०

ते नऊ वर्षं एकच संकेतस्थळ वाचतात, शेअर बाजाराचं. तिथे ही बातमी यायची नाही.